भिडस्ताचा धंदा

"बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की, आता ते कोणी उच्चारले की माझी मान आपोआप खाली जाते. ते ऐकवणारे माझे मामा. मामा जुन्नरला पाट्या रंगवीत. दुकानांच्या पाट्या, सोसायट्यांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पिकअप गाड्यांची फाळकी, देवळातल्या देणगीदारांच्या याद्या, जे मिळेल ते. मामांचे अक्षर चांगले होते यात शंका नाही. पण त्यांचा धंदा चाले तो तोंडावर. बाजाराच्या दिवशी ते चहाच्या टपरीपाशी उभे राहिले की तासाभरात दोन कामे ठरवून परतत. लग्नसराईत एका दिवशी चार मांडवांत अक्षता टाकत आणि चारही ठिकाणी कोणाचा तरी हात धरून, "तुम्ही म्हणजे आळ्याच्या अमक्यांचे व्याही ना?" असे म्हणत नवी ओळख काढत.

तीन वर्षांपूर्वी ओतूरच्या बाजूला एका भिंतीचे काम चालू असताना मामा परांचीवरून पडले. खुब्याचे हाड मोडले. पुन्हा शिडी चढायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले. घरी मामी आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. रंगाच्या दुकानात उधारी थकलेली. मी त्याच सुमारास बारावी होऊन आपल्या महाविद्यालयात प्रथम वर्षात नाव घातले होते. सुट्ट्यांमध्ये मामांच्या हाताखाली अक्षरे भरण्याचे काम मी करीत आलो होतो, म्हणून ब्रश माझ्या हाती आला. मामांची जीभ मात्र माझ्या तोंडात आली नाही.

मी स्वभावाने अबोल आहे. चार माणसांत पाचवा होणे मला जमत नाही. पहिल्या महिन्यात मामांच्या सांगण्यावरून नमुन्यांची वही काखेत मारून मी जुन्नरच्या बाजारपेठेत निघालो. पहिल्या दुकानात गिऱ्हाईक होते म्हणून थांबलो नाही. दुसऱ्या दुकानात गिऱ्हाईक नव्हते म्हणून आत जायचा धीर झाला नाही. तिसऱ्या दुकानदाराने "काय पाहिजे?" असे विचारले, तेव्हा मी अर्धा किलो साखर घेऊन घरी आलो. मामींनी साखर डब्यात ओतली आणि काही विचारले नाही.

ही फजिती सांगण्याचे कारण एवढेच की, नोकरी न धरता स्वतःच्या हुन्नरावर काम मिळवायचे आणि ओळखीपाळखी वाढवण्याची तर मनापासून नावड, अशा माणसाने काय करावे हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. तो उधारीच्या वहीतून आला. गेल्या तीन वर्षांत त्याचे जे थोडेफार उत्तर मला सापडले, ते माझ्यासारख्या इतरांना उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवला पाहिजे. आपण सर्व अबोल माणसांना एकाच गोणीत भरतो. पण मराठीत त्यांच्यासाठी निरनिराळे शब्द आहेत आणि प्रत्येकाचे दुखणे निराळे आहे. ज्याला माणसेच नकोत तो माणूसघाणा. ज्याला बोलायचे असते, पण वेळेवर शब्द सुचत नाहीत, तो मुखदुर्बळ. ज्याला 'नाही' म्हणवत नाही आणि स्वतःच्या हक्काचेही मागवत नाही, तो भिडस्त. आणि ज्याला माणसे आवडत असूनही गर्दीत थकवा येतो व एकांतात पुन्हा तरतरी येते, तो अंतर्मुख. 'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' अशी ही विभागणी स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडली. मनाची शक्ती बाहेरच्या जगाकडे वळते की आतल्या विचारांकडे, हा त्यांचा मुद्दा. अंतर्मुखता हा रोग नव्हे, ती एक ठेवण आहे. भिडस्तपणा मात्र सवयीचा भाग आहे आणि तो पैशाच्या व्यवहारात नडतो. मला स्वतःपुरता शोध असा लागला की, मी अंतर्मुखही आहे आणि भिडस्तही. पहिल्यावर इलाज करायचे कारण नव्हते. दुसऱ्यावर इलाज केल्यावाचून सुटका नव्हती.

आता मामांच्या म्हणीकडे वळू. बडबड्या माणसाचाच माल खपतो, हे कितपत खरे? अमेरिकेतील ॲडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञांनी टेलिफोनवरून विक्री करणाऱ्या तीनशेहून अधिक लोकांची पाहणी करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांत अधिक विक्री अगदी बहिर्मुख लोकांनी केली नव्हती, तशीच ती अगदी अंतर्मुख लोकांनीही केली नव्हती. ती केली होती मधल्या लोकांनी, म्हणजे बोलावे तेव्हा बोलणारे आणि ऐकावे तेव्हा ऐकणारे होते त्यांनी. हे वाचून मला हायसे वाटले, पण पुरते नाही; कारण मी मधलाही नव्हतो. मग विचार करता करता माझ्या ध्यानात आले की, आपण 'ओळख' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक 'ओळख काढणे' आणि दुसरे 'ओळख पटणे'. ओळख काढायला तोंड लागते. ओळख पटायला खूण लागते. मामांची सारी हयात ओळख काढण्यात गेली. मला ते जमणार नव्हते. पण आपली ओळख पटेल अशी खूण जागोजाग ठेवणे मला जमण्यासारखे होते.

हा मार्ग मी नव्याने काढला असेही नाही. आपल्या जुन्नरच्या मातीत तो फार जुना आहे. पूर्वी जुन्नरला हातकागद तयार होत असे आणि पेशवाईतल्या दप्तरखान्यांत 'जुन्नरी कागद' या नावाने तो ओळखला जाई. कागद करणारा कारागीर लगद्याच्या हौदापाशी उभा. कागदावर लिहिणारा कारकून पुण्यात. दोघांची गाठ कधी पडली नसेल. पण कागद हाती घेताच त्याची ओळख पटत असे. त्याहून मागे गेलो तर जुन्नरभोवतालच्या डोंगरांतील लेणी आहेत. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी वाटेवरचे हे गाव. येथील ब्राह्मी शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवल्याचा उल्लेख सापडतो. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातल्या लोकांचा संघ. बुरुडाने टोपली विणावी. त्याच्या सचोटीची हमी श्रेणीने द्यावी. प्रत्येक बुरुडाला चावडीवर जाऊन गप्पा मारण्याची गरज नव्हती.

जवळचे आणि चालू काळातले उदाहरण हवे असेल तर नारायणगावच्या राहुट्यांचे घ्या. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव तमाशाची पंढरी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावोगावच्या यात्रा सुरू होण्याआधी तमाशाचे फड येथे येऊन आपापल्या राहुट्या टाकतात. फडाच्या नावाची पाटी बाहेर लागते. मग निरनिराळ्या गावांची यात्रा कमिटीची मंडळी स्वतः चालत येतात, चार राहुट्या फिरतात, तारीख आणि बिदागी ठरवून सुपारी देतात. फडमालकाला गावोगाव हिंडावे लागत नाही. बोलणी होतात, घासाघीसही होते; पण ती फडमालकाच्या राहुटीत, त्याच्या बैठकीवर आणि त्याच्या कामाविषयी होतात. मामा लहानपणी मला या राहुट्यांच्या पाट्या रंगवायला बरोबर नेत. तेव्हा मी फक्त रंगाचे डबे धरीत असे. पुढे अडचणीत आल्यावर मला त्या राहुट्यांचा अर्थ कळला. अबोल माणूसही स्वतःच्या जागी, एकाच माणसाशी, आपल्या कामाविषयी बरे बोलू शकतो. त्याला जड जाते ते परक्या मांडवात उभे राहून कशाहीविषयी बोलणे. तेव्हा त्याने आपली एक राहुटी टाकावी.

माझी राहुटी म्हणजे जुन्नरचे रंगाचे दुकान. ज्याला पाटी हवी आहे, तो आधी रंगाची किंमत काढायला तेथे येतो. दुकानदाराला मामांची उधारी वसूल व्हायला हवी होती, म्हणजे मला काम मिळावे हे त्याच्याही हिताचे होते. मी त्याच्या दुकानाच्या आतल्या दारावर फुकट एक नमुना रंगवून दिला. त्यात देवनागरी अक्षरांची पाच वळणे, प्रत्येकाखाली चौरस फुटाचा दर आणि सर्वांत खाली आमचा फोन नंबर होता. दर उघड लिहिल्यामुळे निम्मे बोलणे संपले. रोज संध्याकाळी सहा ते सात मी तेथे बाकावर बसू लागलो. ज्याला गरज असे तो येऊन विचारी, मी उत्तर देई. दुकानदार माझ्या वतीने दोन वाक्ये जास्त बोले, ती मी नम्रपणे ऐकून घेई.

दुसरी खूण म्हणजे पाटीखालची सही. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पेंटर' शब्द, आडनाव आणि नंबर. मामाही सही करीत. परंतु सहीला त्यांनी कधी महत्त्व दिले नाही, कारण ते स्वतःच चालतीबोलती सही होते. मी मात्र ठरवले की, ज्या पाटीखाली नाव घालायला लाज वाटेल ती पाटी पुरी झालेली नाही. अस्तराचा हात नीट वाळल्याशिवाय वरचा रंग द्यायचा नाही, शिरोरेघ दोरीला खडू लावून आखल्याशिवाय मारायची नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासल्याशिवाय अक्षर भरायचे नाही. बाजारात फ्लेक्स एका तासात छापून मिळतो, त्याच्याशी वेगात स्पर्धा करणे वेडेपणाचे. पण फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत विटतो आणि त्यावरच्या चुका कोणी पाहत नाही.

या ऱ्हस्व-दीर्घाची एक हकीगत मराठीच्या प्राध्यापकांना आवडेल. मंचरच्या एका गृहस्थांनी बंगल्याच्या नावासाठी कागदावर 'आर्शिवाद' असे लिहून दिले. हा शब्द चुकीचा आहे, हे त्यांना तोंडावर सांगण्याची माझी छाती नव्हती. मी भिंतीवर खडूने दोन्ही रूपे एकाखाली एक आखली, शब्दकोशातल्या पानाचे छायाचित्र फोनवरून पाठवले आणि खाली लिहिले, "आपण म्हणाल ते रंगवतो." दुसऱ्या दिवशी खडूचे वरचे रूप पुसलेले होते आणि 'आशीर्वाद' तेवढे शिल्लक होते. त्या गृहस्थांनी मला शाबासकी दिली नाही. पण पुढे त्यांच्या भावाच्या कृषी सेवा केंद्राची पाटी माझ्याकडे आली, ती "याला शुद्ध लिहिता येतं" या शब्दांसह. हीच माझी तिसरी युक्ती: जे तोंडाने सांगणे जड जाते ते लिहून सांगावे. लिहिताना विचार करायला वेळ मिळतो आणि वाचणाऱ्यालाही राग गिळायला वेळ मिळतो.

कायद्यानेही अशा वेळी थोडी मदत केली. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात हा नियम जुना आहे; पण २०२२ मधील दुरुस्तीने तो दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही लागू झाला. मराठी अक्षरे इतर भाषांतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असेही त्यात सांगितले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना नियम पाळण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा त्याच्या बातम्या सर्वत्र झळकल्या. जुन्नर गावात बहुतेक पाट्या मराठीतच आहेत. पण पुणे-नाशिक महामार्गावर आळेफाट्यापासून मंचरपर्यंत इंग्रजी नावांची हॉटेले आणि गॅरेजे बरीच आहेत. मी त्या नियमाचा सारांश एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहिला, खाली आमचा नंबर घातला आणि प्रती काढून रंगाच्या दुकानात ठेवल्या. हायवेवर दारोदार फिरलो नाही. तरीही त्या हंगामात सात पाट्या मिळाल्या.

चौथी गोष्ट मला आंबेगाव तालुक्याने शिकवली. या तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले, ते आंबेगाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात जिल्हा परिषदेच्या लहान लहान शाळा आहेत. त्यांपैकी एका शाळेच्या 'बोलक्या भिंती' रंगवण्याचे काम दुकानदारामार्फत आले. मुळाक्षरे, पाढे, महाराष्ट्राचा नकाशा असे ते काम. येण्याजाण्याची गाडी दिवसातून मोजकी, म्हणून मी तीन दिवस शाळेच्या पडवीतच मुक्काम केला. अशा कामाला दुसरा कोणी पेंटर तयार नव्हता. मला मात्र ते तीन दिवस सुखाचे गेले. मी भिंतीकडे तोंड करून अक्षर काढावे आणि पाठीमागे उभ्या असलेल्या मुलांनी ते मोठ्याने वाचावे. "दादा, वेलांटी राहिली," असे एका चिमुरडीने मला ऐकवलेही. तिचे बरोबर होते.

त्या शाळेच्या गुरुजींशी माझे तीन दिवसांत फार तर पन्नास वाक्ये बोलणे झाले असेल. वर्षभराने त्यांची बदली जुन्नर तालुक्यात झाली आणि नव्या शाळेच्या भिंतींसाठी त्यांचा फोन आला. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी जुन्या शाळेतून नंबर घेऊन आपल्या मैत्रिणीच्या शाळेला दिला. असे करता करता पाच शाळा झाल्या. गुरुजी माझे स्नेही नव्हते, नात्यातले नव्हते. पण त्यांनी काम पाहिले होते आणि ते एका गावाहून दुसऱ्या गावी गेले होते.

पुढे समाजशास्त्राच्या तासाला याचे शास्त्रीय नाव कळले. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली 'दुबळ्या धाग्यांचे बळ' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्यांनी विचारले की, ज्याने ही खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे? नेहमी भेटणारा होता असे सांगणारे शेकडा १७ सुद्धा भरले नाहीत. अधूनमधून भेटणारा म्हणणारे जवळजवळ ५६ आणि क्वचितच भेटणारा म्हणणारे जवळजवळ २८. कारण उघड आहे. आपल्या रोजच्या बैठकीतल्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी खबर आणतो तो लांबचा, तुरळक भेटणारा माणूस. अबोल माणसाला यात मोठा दिलासा आहे. त्याला रोज दहा लोकांच्या खांद्यावर हात टाकण्याची जरूर नाही. वर्षाकाठी थोड्या लोकांचे काम चोख करावे आणि त्यांना आपला नंबर सापडेल अशी सोय ठेवावी, म्हणजे धागा तुटत नाही. मी दर दिवाळीला जुन्या गिऱ्हाइकांना स्वतःच्या अक्षरात लिहिलेले शुभेच्छापत्र पाठवतो. त्यात काम मागत नाही. पाटीवर पावसाने पोपडे आले असल्यास कळवावे, एवढे एक वाक्य असते. माझ्या वहीत 'काम कोठून आले' असा एक रकाना आहे. त्यात निम्म्याच्या आसपास कामे जुन्या गिऱ्हाइकांची, त्याखालोखाल रंगाच्या दुकानाची, मग शाळांची आणि सहीवरून आलेली अशी नोंद दिसते. मी आपणहून कोणाला विचारून मिळवलेली कामे दोनच आहेत.

येथवर सारे गोड वाटेल. पण आता जी गोष्ट सांगायची, ती सांगताना अजूनही कान तापतात. दुसऱ्या वर्षी महामार्गावरच्या एका ढाब्याची मोठी पाटी मी केली. ठरलेली रक्कम ६,२०० रुपये. विसार म्हणून १,००० मिळाले. बाकी "पुढच्या आठवड्यात". पुढचा आठवडा आला आणि गेला. मी एसटीने त्या ढाब्यावरून जात असे, माझी अक्षरे माझ्याकडे पाहत, आणि मी खिडकीतून तोंड वळवून घेत असे. उतरावे, आत जावे, पैसे मागावे, हे काही मला झाले नाही. पाच महिन्यांनी ढाबा दुसऱ्याने चालवायला घेतला आणि पाटी उतरली. त्या पाटीचा रंग उधारीवर आणलेला होता. त्याच महिन्यात मामांच्या थोरल्या मुलीची शाळेची सहल होती. तिने सहलीचा कागद दप्तरातून बाहेरच काढला नाही. मला तो नंतर मामींनी दाखवला. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण मी परीक्षेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. माझा भिडस्तपणा हा माझा एकट्याचा खासगी स्वभाव आहे, असे मी समजत होतो. त्याची किंमत मात्र दहा वर्षांच्या मुलीने भरली.

त्यानंतर मी तीन नियम केले. पहिला, कामाचा अंदाजपत्रक-कागद दिल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. त्यात माप, मजकूर, रंग, दर आणि पैसे देण्याची तारीख ही पाच कलमे. दुसरा, निम्मी रक्कम आधी. हा नियम मी तोंडाने सांगत नाही, तो कागदावर छापलेलाच आहे. गिऱ्हाईक वाचते आणि पैसे काढते. तिसरा, उद्योग म्हणून नोंद करून घ्यायची. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क आहे आणि ती घरबसल्या करता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार लहान उद्योगाचे बिल खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास व्याज लागते. एखाद्या ढाब्यावर दावा लावायला मी निघालेलो नाही. पण बिलाखाली ही ओळ आणि नोंदणी क्रमांक लिहिला की, जे बोलायला माझी जीभ अडखळते ते कागद बोलतो.

तरीही सर्व काही कागदावर भागत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यंदा एका थकबाकीसाठी मला जावेच लागले. घरून निघण्यापूर्वी मी एकच वाक्य पाठ केले: "दोन हजार आठशे राहिलेत, ते न्यायला आलो आहे." तेथे पोचलो, वाक्य म्हटले आणि पुढे काय बोलावे हे न सुचल्यामुळे गप्प उभा राहिलो. समोरचे गृहस्थ हवापाण्याचे बोलले, टोमॅटोच्या भावाचे बोलले, बिबट्याचे बोलले. मी मान हलवीत उभाच. शेवटी त्यांनी गल्ला उघडला. मामा असते तर टोमॅटोच्या भावावर अर्धा तास बोलून चहा पिऊन परतले असते, असे खुद्द मामाच म्हणाले. गप्प बसण्याचाही उपयोग होतो. पण आधी ते एक वाक्य बोलावेच लागते.

मामांचे म्हणणे मी सर्वस्वी खोटे ठरवले, असा माझा दावा नाही. मामांनी एका वर्षात जेवढी कामे मिळवली असती तेवढी मला अद्याप मिळत नाहीत. माझी वाढ सावकाश आहे. पहिले आठ महिने तर घर केवळ मामींच्या शिवणयंत्रावर चालले. ज्याला आजच्या आज पैसा हवा आहे, त्याला हा मार्ग पुरा पडणार नाही. शिवाय हाताने रंगवलेल्या पाट्या आणखी किती वर्षे लागतील हेही सांगवत नाही. पण हा मार्ग पाट्यांपुरता नाही. आपल्यापैकी कोणी भाषांतर करील, कोणी मुद्रिते तपासील, कोणी छायाचित्रे काढील, कोणी शिकवण्या घेईल. जुन्नर तालुका २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. तेव्हा कोणी लेण्याद्री, नाणेघाट, शिवनेरी दाखवणारा वाटाड्याही होईल. कला शाखेच्या पदवीनंतर नोकऱ्या किती मिळतात हे आपण जाणतो. अशा वेळी "मला चार लोकांत बोलता येत नाही, मला धंदा काय जमणार?" असे म्हणून हातातला हुन्नर खुंटीला टांगणारे मित्र मी पाहिले आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच की, ओळख काढता येत नसेल तर ओळख पटेल असे काम करा. त्या कामावर आपले नाव घाला. गिऱ्हाइकाला आपण सापडू अशी एक जागा धरा. बोलायचे ते लिहा. आणि हक्काचे पैसे मागण्याचे एक वाक्य मात्र तोंडपाठ ठेवा.

या दिवाळीला रंगाच्या दुकानाची मामांच्या काळातली उधारी फिटली. दुकानदाराने वहीतल्या त्या पानावर आडवी रेघ मारली तेव्हा मामा काठी टेकत बरोबर आले होते. रेघ मारून झाल्यावर ते दुकानदाराशी तासभर बोलत बसले. मी बाकावर बसून ऐकत होतो. थोरल्या मुलीची यंदाची सहल शिवनेरीला गेली, तिचे पैसे वेळेवर भरले.